बोटावरचा थेंब, वहीतला रकाना

संपादकीयात घरचं सांगू नये, असा आमचा एक अलिखित नियम आहे. तो आज मोडतोय.

अब्बा गेल्यावर सहा महिन्यांनी अम्मीने त्यांचं कपाट आवरायला सांगितलं. त्यात टोप्या, चष्म्याची दोन घरं, पेन्शनचे कागद आणि एक ग्लुकोमीटर निघाला. पंचवीस पट्ट्यांच्या डबीत बावीस पट्ट्या शिल्लक होत्या, मुदत केव्हाच उलटलेली. म्हणजे बारा वर्षांच्या डायबेटीसमध्ये अब्बांनी घरी तीनदा शुगर पाहिली. "आकडा देखके डर लगता था उनको," अम्मी म्हणाली.

त्या भीतीवर त्यांनी जो इलाज शोधला तो आपल्यातल्या अनेक घरांत आहे. कुणीतरी ओळखीच्या माणसाने एक चूर्ण आणून दिलं. आजार मुळापासून जातो, असं डबीवर छापलेलं. अब्बांनी गोळ्या आधी कमी केल्या, मग सोडल्या. पायाला जखम झाली ती त्यांना कळलीच नाही, कारण साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायांतल्या नसा बधिर होतात आणि जखम दुखत नाही. न दुखणारी जखम कोण बघतो? आधी दोन बोटं काढावी लागली, मग घोट्याखालचा पाय. पुढचं सांगत नाही.

मीटर सापडला त्याच महिन्यात ऑफिसच्या आरोग्य तपासणीत माझा एचबीएवनसी ६.३ आला. रक्तातल्या साखरेची साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी या तपासणीत कळते. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ आणि वर म्हणजे डायबेटीस, मधली जागा प्रीडायबेटीसची. म्हणजे मी दारातच उभा होतो. वय तेहतीस. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना डायबेटीस आहे आणि १३ कोटी ६० लाख माझ्यासारखे दारात आहेत. तेव्हा एकटेपणा वाटायचं कारण नव्हतं. तरी वाटला.

डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा, चाला, गोड टाळा. हे मला आधीही माहीत होतं. तुम्हालाही माहीत आहे. खरं तर मला माहिती फार जास्त झाली होती. मोठी आपा दीक्षितांचं ऐकणारी : दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत संपवा. वहिनी ऋजुता दिवेकरांची पुस्तकं वाचणारी : थोड्या थोड्या वेळाने खात राहा. दोघींचं एकमत नाही, दोघी ठाम, आणि दोघींकडे ज्यांना गुण आला अशा माणसांची यादी तयार. त्यात मोहल्ल्याच्या ग्रुपवर रोज येणारं मेथीचं पाणी, कारल्याचा रस, कलौंजी. शिवाय एक वाक्य आपल्याकडे कायम हाताशी असतं : जो तकदीर में होगा. अब्बासुद्धा तेच म्हणायचे. उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही हदीस त्याच अब्बांनी मला लहानपणी शिकवली होती. सायकलला कुलूप लावायला विसरलो की हमखास.

मग मी नव्या पट्ट्या आणल्या. मीटर जुनाच. तो चालतोय ना, हे लॅबमध्ये रक्त दिलं त्याच वेळी बोट टोचून ताडून पाहिलं.

इथे मला एका माणसाबद्दल सांगायचं आहे. रिचर्ड बर्नस्टीन हा अमेरिकन इंजिनिअर. १९४६ मध्ये, बाराव्या वर्षी त्याला टाइप वन डायबेटीस झाला. तिशीतच त्याची प्रकृती ढासळू लागली. घरी रक्तातली साखर मोजायची सोय तेव्हा नव्हतीच. लघवी तपासून अंदाज बांधायचा. १९६९ च्या सुमारास त्याने एका यंत्राची जाहिरात पाहिली. बेशुद्ध आलेला माणूस दारू प्यायलेला आहे की डायबेटीसचा रुग्ण, हे रात्री लॅब बंद असताना ओळखता यावं म्हणून ते इस्पितळांसाठी केलेलं होतं. वजन सव्वा किलोच्या वर, किंमत ६५० डॉलर, आणि विक्री फक्त डॉक्टरांना. त्याची बायको डॉक्टर होती, तिच्या नावावर त्याने ते मागवलं. दिवसातून पाच-पाच वेळा मोजायला लागला. इन्सुलिन थोडं इकडे, जेवण थोडं तिकडे, असं करत साखर कशाने वर जाते आणि कशाने जागेवर राहते, हे त्याने इंजिनिअर यंत्राचा बिघाड शोधतो तसं शोधून काढलं. प्रकृती सुधारली. हे त्याने लिहून पाठवलं तर वैद्यकीय नियतकालिकं छापेनात. मग हा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी मेडिकल कॉलेजात दाखल झाला आणि डॉक्टर झाला. १९९३ मध्ये एका मोठ्या अमेरिकन चाचणीने दाखवून दिलं की टाइप वनमध्ये साखर काटेकोर ताब्यात ठेवली तर डोळे, किडनी आणि नसांचं नुकसान खूप कमी होतं. बर्नस्टीन २०२५ मध्ये वारला, वय ९०. त्याचा आहार फार कडक होता, तो सगळ्यांना मानवेल असं नाही, आणि मी त्याचा प्रचार करत नाही. मला भावतं ते एवढंच की ज्या आकड्याला अब्बा घाबरले, त्याला हा माणूस दिवसातून पाच वेळा भेटायला गेला.

माझी वही दोनशे पानी, रेघांची. पहिला आठवडा काहीच बदललं नाही, फक्त लिहिलं. नेहमीसारखं खायचं, पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी बोट टोचायचं. हा आठवडा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा. आपण नक्की कुठे उभे आहोत हे माहीत नसेल तर पुढे सरकलो की मागे, कसं कळणार? त्याच आठवड्यात दुसरा धडा मिळाला. एकाच बोटातून लागोपाठ दोनदा मोजलं तर १३८ आणि १५१! आधी वाटलं मीटर बिघडला. पण घरगुती मीटरना पंधरा टक्क्यांपर्यंतची चूक मान्यच असते. एका आकड्यावर आनंदही करायचा नाही आणि मातमही नाही. तीन-चार वेळा तेच दिसलं तरच बोलायचं.

पहिला प्रयोग न्याहारीचा. आमच्याकडे सकाळी चहा आणि पाव, पिढ्यानपिढ्या. चहात दोन चमचे साखर, त्यात बुडवून दोन पाव. तीन दिवसांचे आकडे : १७२, १८१, १६६. मग तीन दिवस दोन अंड्यांचं ऑम्लेट, अर्धी भाकरी, चहा बिनसाखरेचा : १२८, १३४, १२१. मग पुन्हा तीन दिवस पाव. ही परत जुन्याकडे जायची पायरी लोक गाळतात. पण दुसऱ्या तीन दिवसांत झोप जास्त झाली असेल, कामाचा ताण कमी असेल, म्हणूनही आकडा उतरला असेल. पावाकडे परतल्यावर आकडा परत चढला, तेव्हा मला पाव सोडावा लागला. चढला नसता तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

दुसऱ्या प्रयोगाने माझी अक्कल काढली. ज्वारीची भाकरी म्हणजे शुगरवर रामबाण, अशी पश्चिम महाराष्ट्रात जन्मलेल्या कुणाही माणसाप्रमाणे माझी पक्की समजूत. म्हणून दोन चपात्यांऐवजी दोन भाकरी. आकडे जवळजवळ सारखेच. दोनदा केलं, तेच. मग अम्मीच्या हातची भाकरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर ती चपातीच्या दुपटीपेक्षा जड. दोष ज्वारीचा नव्हता, मी भाकरी मोजत होतो आणि पीठ मोजत नव्हतो. एका भाकरीवर आलो, सोबत वाटीभर उसळ वाढवली, तेव्हा फरक दिसला. आणि हो, बिर्याणी. मुसलमान म्हणजे बिर्याणी आणि बिर्याणी म्हणजे आजार, हे आपण टीव्हीवरही ऐकतो आणि मित्रांच्या विनोदातही. माझ्या वहीत एका मध्यम ताटाने, भरपूर गोश्त आणि काकडी-कांद्याच्या कोशिंबिरीसोबत, सकाळच्या त्या चहापावापेक्षा कमी नुकसान केलं. दुसरं ताट घेतलं त्या दिवशीचा आकडा मी लिहिलेला आहे, इथे छापत नाही.

मेथीचं पाणी चौदा दिवस घेतलं. सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यात मला काही फरक दिसला नाही. कारल्याचा रस चार दिवसांत सोडला. लवकर झोपायचा प्रयोग सपशेल फसला, कारण तो सुरूच झाला नाही.

जो टिकला तो चालण्याचा. जेवणानंतर चाललं की साखर कमी चढते, कारण चालणारे स्नायू रक्तातली साखर तिथल्या तिथे वापरतात. हे वाचलं होतं. पण माझी अडचण अशी की ज्या दिवशी मी उत्साहात असतो त्याच दिवशी चालतो, आणि त्याच दिवशी जेवतोही बेताने. मग श्रेय कुणाला द्यायचं? म्हणून रोज रात्री जेवण झालं की एक रुपयाचं नाणं उडवायचो. छापा पडला तर वीस मिनिटं चालायचं, पाऊस असो की मॅच. काटा पडला तर बसून राहायचं, चालावंसं वाटलं तरी. वीस रात्री. अकरा छापे, नऊ काटे. छाप्याच्या रात्रींची सरासरी १३४, काट्याच्या रात्रींची १६३. एका पट्टीला वीसेक रुपये धरले तर हे ज्ञान मला चारशे रुपयांत मिळालं. पण ते माझं होतं. डॉक्टर दहा वेळा 'चाला' म्हणाले तेव्हा मी चाललो नाही, वहीतल्या एकोणतीसच्या फरकाने मला उठवलं.

आपल्या बोलीत एक शब्द आहे : तजुर्बा. "उनको तजुर्बा है," म्हणजे अनुभव आहे. पण मूळ अरबी 'तजरिबा' या शब्दात अनुभवही येतो आणि प्रयोगही. इब्न सीनाने 'कानून' या ग्रंथात औषध पारखण्याचे जे नियम घातले ते या तजरिब्याचेच. औषध भेसळीविना असावं, एका वेळी एकाच साध्या आजारावर पाहावं, परिणाम केव्हा दिसला याची वेळ नोंदवावी, आणि तो परिणाम पुन्हा पुन्हा दिसला तरच औषधाचा मानावा, एरवी तो योगायोग. त्याच्या शंभरेक वर्षं आधी अल-राझीने मेंदूच्या सुजेच्या लक्षणांवर रक्त काढण्याचा उपाय केला, आणि रोग्यांच्या दुसऱ्या गटाचं रक्त मुद्दाम काढलं नाही, तुलना करता यावी म्हणून. या दोघांचा अभिमान आपण भाषणांत पुष्कळ बाळगतो. त्यांच्या नावाने दवाखाने काढतो, शाळा काढतो. आणि घरी 'एका मावशीला गुण आला' एवढ्यावर चूर्ण घेतो. आपण तजुर्ब्याचा एक अर्थ ठेवला आणि दुसरा टाकून दिला.

अर्थात या वाटेवर खड्डेही आहेत. सेथ रॉबर्ट्स नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले. स्वतःवर प्रयोग करण्याचे ते मोठे पुरस्कर्ते. झोप, वजन, मनःस्थिती, सगळं वर्षानुवर्षं मोजलं. रोज साठेक ग्रॅम लोणी खाल्लं की आपली सोप्या गणितांची गती वाढते, असं त्यांना आढळलं आणि ते लोणी खात राहिले. २०१४ मध्ये साठाव्या वर्षी टेकडीवर चालताना ते कोसळले. हृदयाच्या धमन्यांत अडथळा होता. ते लोण्याने गेले, असं कुणीही म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही. पण एक गोष्ट मनात राहते. वही आपल्याला फक्त तेवढंच सांगते जेवढं आपण मोजतो. म्हणून मी दर सहा महिन्यांनी लॅबमध्ये जातो, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, किडनी बघतो, आणि वही डॉक्टरांपुढे ठेवतो. आणि म्हणूनच जे कुणी गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी त्या मात्रेवर प्रयोग करायचा नाही. न्याहारीवर करा, चालण्यावर करा. गोळी सोडून बघणं हा प्रयोग नव्हे. अब्बांनी तेच केलं होतं.

आता अम्मीचं. तिलाही डायबेटीस आहे, गोळ्या चालू आहेत. गेल्या वर्षी रमजानमध्ये मी तिला म्हटलं, रोज्यात दुपारी एकदा मोजू. ती ऐकेना. सुईने रक्त काढलं तर रोजा तुटतो, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. मी आमच्या मशिदीच्या मौलानांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, बोटातून तपासणीपुरता थेंब काढल्याने रोजा तुटत नाही. अम्मीने त्यांना स्वतः फोन केला, माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून. मग हात पुढे केला.

अकरावा रोजा. दुपारचे साडेतीन. तिच्या कपाळावर घाम होता, हात थरथरत होते. ती म्हणाली, उन्हामुळे. आकडा ६२.

डायबेटीस आणि रमजान यावर तज्ज्ञांच्या ज्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांत स्पष्ट लिहिलंय : ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडा, इफ्तारची वाट पाहू नका. मी सांगितलं. ती म्हणाली, तीन तास राहिलेत, निभेल. मी कुराणातली आजाऱ्याला दिलेली सवलत सांगितली. ती तिला माझ्यापेक्षा जास्त चांगली ठाऊक. शेवटी मी वही उघडली आणि मागच्या पाच दिवसांचे तिचेच आकडे तिच्यापुढे धरले. दुपारी ११०, १०२, ९१, ८४, ७६. घसरत आलेले. तिने ते बोट लावून, एकेक करून वाचले. मग म्हणाली, "पानी ला."

पाण्यात तीन चमचे साखर. पंधरा मिनिटांनी ८८. ती रडत होती. रोजा गेला म्हणून. मी शेजारी बसून राहिलो. मला अब्बांच्या त्या बावीस पट्ट्या आठवत होत्या.

नंतर डॉक्टरांनी आम्हा दोघांना झापलं, आणि ते योग्यच होतं. तिच्या गोळ्यांपैकी एक अशी आहे की पोट रिकामं असलं तरी साखर उतरवत राहते. रमजानच्या सहा-आठ आठवडे आधीच यायला हवं होतं. या वर्षी गेलो. त्यांनी ती गोळी कमी करून इफ्तारकडे नेली, आणि कोणत्या दिवशी रोजा करायचा नाही हेही लिहून दिलं. या रमजानमध्ये अम्मीचे चार रोजे राहिले, बाकी झाले. दुपारी तीन वाजता ती स्वतः हाक मारायची, "मशीन ला."

आणखी एक गोष्ट, जी वहीत बसत नाही. माझा यशस्वी प्रयोग मी धाकट्या बहिणीला मोठ्या तोऱ्यात सांगितला : रात्री जेवल्यावर वीस मिनिटं चाल. ती हसली. म्हणाली, "कुठे?" आमच्या मोहल्ल्यात फुटपाथ नाही. जवळची बाग सातला बंद होते. रात्री साडेनवाला गल्लीच्या तोंडाशी पोरांचा अड्डा असतो, त्यातले निम्मे माझे मित्र. दहा घरांतून दहा प्रश्न येतील, ते वेगळेच. ती गच्चीवर चालते, पाण्याच्या टाक्यांमधून, अठरा पावलं जायचं, अठरा यायचं. तिचेही आकडे उतरले. पण मला जे चारशे रुपयांत आणि एका नाण्यात मिळालं, ते तिला टाक्यांमधून वाट काढून मिळवावं लागतं. नगरसेवकाकडे बागेच्या वेळेचा अर्ज घेऊन जायचं आम्ही ठरवलंय. अड्ड्यावरच्या मित्रांशी बोलायचं काम माझ्याकडे आहे आणि ते अर्जापेक्षा अवघड आहे.

पट्ट्यांचा खर्च ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी : तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची डायबेटीस आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. अम्मी-अब्बांना घेऊन जा. स्वतःही रांगेत उभे राहा. पहिला आकडा तिथून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सगळ्यांनी रोज बोटं टोचत बसायची गरज नाही. कंबरेचं माप, रोजची पावलं, झोपेचे तास, दिवसातल्या चहाच्या कपांची संख्या, हेही मोजता येतं आणि फुकट मोजता येतं. एका वेळी एकच बदल करा. दोन केलेत तर काहीच कळणार नाही. हे मी तीनदा चुकून शिकलो आहे.

माझा एचबीएवनसी आता ५.९ आहे. म्हणजे दारातून अजून हललो नाही, पण दोन पायऱ्या उतरलो. पाव आठवड्यातून एकदा, रविवारी. सकाळी उपाशीपोटी आकडा रात्रीपेक्षा जास्त का येतो, हे कोडं मला बरेच दिवस छळत होतं. डॉक्टरांनी सांगितलं की पहाटे यकृत स्वतःच साखर सोडतं, दिवसाच्या कामासाठी. पुढचा प्रयोग त्यावर करायचा विचार आहे.

अम्मीचा मात्र ठरलाय. काल तिने वहीत स्वतःच्या हाताने एक नवा रकाना आखला आणि वर उर्दूत लिहिलं, 'आम'. अर्धा हापूस जेवणासोबत की चार वाजता नुसता. पेटी परवा येतेय. नाणं तिने माझ्याकडून मागून घेतलंय.